रोगप्रतिकारक पेशींमधला मेद आणि अ‍ॅलर्जी

पेशीवाचक (धागाकर्ता)

अ‍ॅलर्जीचा विषय निघाला की चर्चा बहुधा आयजीई (अ‍ॅलर्जीतले प्रतिपिंड) आणि हिस्टामीन (शिंका व खाज आणणारे द्रव्य) या दोन नावांभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे, कारण रक्ततपासणीत आयजीई मोजले जाते आणि शिंका व खाज थांबवण्यासाठी आपण जी गोळी घेतो ती हिस्टामीनच्या विरोधात काम करते. परंतु दम्याच्या रुग्णाला त्याच गोळीचा फारसा उपयोग होत नाही. शिंक थांबवणारे औषध श्वासनलिकेचे आकुंचन का रोखू शकत नाही, या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण मेदाच्या रसायनशास्त्रापाशी येऊन पोहोचतो. मेद हा शब्द मी येथे व्यापक अर्थाने वापरतो आहे. मेदाम्ले, कोलेस्टेरॉल, पेशीच्या आवरणातील फॉस्फोलिपिड आणि त्यांच्यापासून घडणारी संदेशद्रव्ये हे सारे त्यात येते.

माझे म्हणणे असे आहे की प्रतिकार पेशी मेद कोठून घेते, कोठे साठवते, तो जाळते की त्यापासून संदेशद्रव्य घडवते, यावर अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया किती तीव्र होणार आणि किती काळ रेंगाळणार हे बऱ्याच अंशी ठरते.

मास्ट पेशीपासून सुरुवात करू. त्वचेत, नाकाच्या अस्तरात, श्वासनलिकांभोवती आणि आतड्यात या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील आयजीईला परागकणातील किंवा धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवाचे प्रथिन चिकटले आणि शेजारशेजारचे आयजीई रेणू त्या प्रथिनाने एकत्र बांधले गेले, की पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. आधीच भरून ठेवलेल्या कणिकांतून हिस्टामीन लगेच बाहेर पडते. त्याच वेळी आत दुसरे काम सुरू झालेले असते. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर फॉस्फोलिपेज ए२ हे एन्झाइम केंद्रकाच्या आवरणापाशी जाऊन बसते आणि तेथील फॉस्फोलिपिडमधून अ‍ॅराकिडोनिक आम्ल कापून मोकळे करते. २० कार्बन अणूंच्या आणि ४ दुहेरी बंधांच्या या साखळीपुढे आता दोन मुख्य वाटा असतात. सायक्लोऑक्सिजिनेज या एन्झाइमच्या वाटेने गेल्यास मास्ट पेशीत प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन डी२ तयार होते. ५-लिपॉक्सिजिनेज या दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेने गेल्यास ल्युकोट्राइन ए४ आणि त्याला ग्लुटाथायोन जोडले जाऊन ल्युकोट्राइन सी४. पेशीबाहेर पडल्यावर त्याचे आधी डी४ आणि मग ई४ होते. हिस्टामीन साठ्यातून येते, ही द्रव्ये मात्र पेशीच्या आवरणाचाच भाग कापून ऐनवेळी घडवली जातात, आणि हे सारे काही मिनिटांत घडते.

यांचा शोध कसा लागला तेही पाहण्यासारखे आहे. १९४० मध्ये केलावे आणि ट्रेथेवी या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, अंड्यातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण केलेल्या गिनीपिगांच्या फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या एका द्रव्याचे वर्णन केले. हिस्टामीनमुळे स्नायू झटकन आकुंचन पावतो आणि लगेच सैल पडतो, तर या द्रव्यामुळे तो सावकाश आकुंचन पावून बराच वेळ तसाच राहत होता. पुढची सुमारे ४० वर्षे हे द्रव्य त्याच्या परिणामावरून ओळखले गेले, रचनेवरून नव्हे. १९७९ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने ते ल्युकोट्राइन असल्याचे दाखवले आणि १९८२ मध्ये बर्गस्ट्रोम व व्हेन यांच्यासह सॅम्युएलसन यांना, प्रोस्टाग्लँडिन आणि त्यांच्याशी निगडित द्रव्यांवरील कामासाठी, नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी श्वासनलिकेच्या तुकड्यांवर ल्युकोट्राइन सी४ आणि डी४ हे हिस्टामीनच्या सुमारे १००० पट प्रभावी ठरले, ही नोंद वाचल्यावर हिस्टामीनविरोधी गोळी दम्यात का कमी पडते याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

आता इंधनाच्या बाजूकडे वळतो, कारण गेल्या दशकभरात या विषयात सर्वांत मोठी भर तेथे पडली आहे. २०१० मध्ये ज्या पेशींचे नीट वर्णन झाले आणि ज्यांना आज आयएलसी-२ म्हणतात, त्या संख्येने अगदी थोड्या असतात. त्यांना विशिष्ट प्रथिन ओळखण्याची गरज नसते आणि इजा झालेल्या अस्तराकडून इशारा येताच त्या इंटरल्युकिन-५ आणि इंटरल्युकिन-१३ ही संदेशप्रथिने मोठ्या प्रमाणात सोडतात. पहिले इओसिनोफिल या प्रकारच्या श्वेतपेशींना बोलावते आणि जगवते, तर दुसऱ्यामुळे श्वासनलिकेत चिकट स्राव वाढतो. विशेष म्हणजे या पेशींचे वर्णन करणाऱ्या एका जपानी गटाला त्या आतड्याला आधार देणाऱ्या पडद्यातील मेदाच्या उतींमध्ये सापडल्या होत्या.

२०२० मध्ये जर्मनीतील बॉन येथील गटाने उंदरांवर दाखवले की श्वासमार्गाच्या अ‍ॅलर्जीक दाहात या आयएलसी-२ पेशी बाहेरून मेदाम्ले ओढून घेतात आणि आत मेदबिंदूंच्या रूपाने साठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली मेदाशी बांधला जाणारा रंग वापरला की शांत पेशी जवळजवळ रिकामी दिसते आणि उद्दीपित पेशीत चकाकणारे ठिपके दिसतात. मोकळी मेदाम्ले पेशीला विषारी ठरू शकतात, म्हणून त्यांना ट्रायग्लिसराइडमध्ये बांधून ठेवणे हे केवळ साठवण नसून स्वसंरक्षणही आहे. हे बांधण्याचे काम डीजीएटी-१ हे एन्झाइम करते आणि पीपीएआर-गॅमा हे जनुकनियंत्रक प्रथिन त्या व्यवस्थेवर देखरेख करते. साठवलेला मेद पुढे नव्या पेशींच्या आवरणासाठी लागणारे फॉस्फोलिपिड बनवण्यास वापरला जातो, म्हणजे या साठ्याच्या बळावरच पेशींची संख्या वाढते. साठवण रोखली की दाह कमी झाला.

पीपीएआर-गॅमाचे नाव टी-एच२ पेशींतही, म्हणजे अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया चालवणाऱ्या टी पेशींतही (टी पेशी हा श्वेतपेशींचा एक प्रकार), पुन्हा पुन्हा येते. २०१७ मध्ये स्वतंत्र गटांनी दाखवले की टी पेशींत हे प्रथिन नसलेल्या उंदरांना फुप्फुसाचा अ‍ॅलर्जीक दाह नीट होतच नाही. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण जे प्रथिन मेदपेशी घडवण्यासाठी प्रसिद्ध होते तेच अ‍ॅलर्जीच्या दोन्ही प्रमुख पेशींना हवे आहे.

निशिगंध

लेख अतिशय आवडला. वाचताना एक शंका मनात आली आणि ती अनेकांना येईल असे वाटते. पेशी बाहेरून मेदाम्ले ओढून घेत असेल, तर आहारातील मेद वाढल्याने अ‍ॅलर्जी वाढते असे म्हणता येईल का? आणि लठ्ठपणा व दमा यांचा जो संबंध सांगितला जातो, तो याच मार्गाने येतो का?

पेशीवाचक

निशिगंध, आपण विचारलेला प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर सरळ होकारार्थी नाही. रक्तातील मेदाम्लांचे प्रमाण शरीर स्वतः नियंत्रित करते आणि पेशी काय उचलणार हे तिला मिळालेल्या इशाऱ्यावर अवलंबून असते. ताटातला मेद थेट आयएलसी-२ पेशीत जाऊन बसत नाही. उलट बॉनच्या त्याच अभ्यासात, मेद भरपूर आणि कर्बोदके अत्यल्प असलेला कीटोजेनिक आहार दिलेल्या उंदरांत दाह कमी झाला. कारण मेदबिंदू बनवणारी यंत्रणा चालू ठेवण्यासाठी पेशीला ग्लुकोजही लागते. मेद साठवण्यासाठी साखर लागावी, यावरूनच या विषयात आहाराचे सरधोपट सल्ले का देऊ नयेत ते कळते.

मेदाच्या प्रमाणापेक्षा प्रकाराबद्दल मात्र माणसांवरील एक भक्कम चाचणी उपलब्ध आहे. डेन्मार्कमधील ७३६ गर्भवती महिलांना गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज २.४ ग्रॅम लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले किंवा ऑलिव्ह तेल देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सतत घरघर किंवा दमा असण्याचे प्रमाण ओमेगा-३ गटातील मुलांत १६.९ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.७ टक्के होते. ज्या महिलांच्या रक्तात ही मेदाम्ले आधीपासून कमी होती त्यांच्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ओमेगा-३ मेदाम्ले आवरणात अ‍ॅराकिडोनिक आम्लाची जागा घेतात आणि त्यांच्यापासून बनणारी संदेशद्रव्ये सहसा सौम्य असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. प्रौढांच्या जुन्या दम्यावर तोच उपाय लागू पडेल असे यावरून म्हणता येत नाही.

लठ्ठपणाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. लठ्ठपणासोबत प्रौढ वयात सुरू होणारा दमा पुष्कळदा इओसिनोफिल-प्रधान नसतो आणि स्टिरॉइडला कमी दाद देतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इसबासारख्या दाहाच्या उंदरांवरील अभ्यासात असे दिसले की लठ्ठ उंदरांत तोच आजार टी-एच२ ऐवजी टी-एच१७ या वेगळ्या टी पेशींच्या प्रकाराकडे झुकतो. इंटरल्युकिन-४ आणि १३ रोखणारे उपचार सडपातळ उंदरांना उपयोगी पडले, पण लठ्ठ उंदरांत आजार बळावला. त्यांच्या टी-एच२ पेशींत पीपीएआर-गॅमाची क्रिया मंदावलेली होती आणि ती रोसिग्लिटाझोन या औषधाने वाढवल्यावर आजार पुन्हा मूळ वळणावर आला. म्हणजे एकच प्रथिन एका परिस्थितीत अ‍ॅलर्जीला खतपाणी घालते आणि दुसऱ्या परिस्थितीत आजाराला उपचारयोग्य रूपात ठेवते. या कारणाने, पीपीएआर-गॅमा चांगले की वाईट या स्वरूपात प्रश्न मांडणेच मला चुकीचे वाटते.

प्रयोगमेज

मी पेशींच्या चयापचयावर काम करतो, म्हणून पद्धतीविषयी एक सावधगिरीची सूचना नोंदवतो. नियामक टी पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीला आवर घालणाऱ्या पेशी, मेद जाळून ऊर्जा मिळवतात आणि आक्रमक पेशी साखरेवर चालतात, अशी सुटसुटीत विभागणी अनेक लेखांत आढळते. तिचा बराचसा आधार एटोमॉक्सिर या रसायनावर होता. हे रसायन मेदाम्लांना मायटोकाँड्रियात नेणाऱ्या सीपीटी-१ या एन्झाइमला रोखते. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत ते इतर ठिकाणीही घाव घालते, आणि सीपीटी-१ए चे जनुक काढून टाकलेल्या टी पेशी नियामक बनण्यात फारशा अडखळत नाहीत. त्यामुळे केवळ एटोमॉक्सिर वापरून काढलेला जुना निष्कर्ष वाचताना, जनुक काढून तीच गोष्ट पडताळली आहे का, हे मी आधी पाहतो.

धागाकर्त्यांनी सांगितलेले पीपीएआर-गॅमाचे काम जनुकीय पातळीवर केलेले आहे, म्हणून ते मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्याचबरोबर आयएलसी-२ मेद जाळतातच, हेही खरे आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावात इतर प्रतिकार पेशी दुबळ्या पडत असताना या पेशी मेदाम्लांच्या आधारे टिकून राहतात आणि आतड्यातील कृमींविरुद्धचे काम चालू ठेवतात, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. अन्न कमी आणि कृमी भरपूर, अशा परिस्थितीत ही क्षमता प्राण्याला वाचवत असणार. अ‍ॅलर्जीत आपल्याला जे दिसते ते त्याच क्षमतेचे दुसरे टोक आहे, असे माझे मत आहे.

श्वासयात्री

मला प्रौढ वयात दमा सुरू झाला, नाकात मांसल वाढ आहे आणि अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर श्वास अडकतो. अ‍ॅस्पिरिन तर दाह कमी करणारे औषध आहे. मग त्यानेच दमा का उसळावा, हे मला आजवर कोणी नीट समजावलेले नाही. या धाग्यातील माहितीच्या आधारे त्याचा उलगडा होऊ शकेल का?

मात्रा

श्वासयात्री, औषधशास्त्र हा माझा विषय असल्याने उत्तर देण्याचा प्रयत्न करते. आपण सांगितलेल्या तीन गोष्टींचे एकत्र वर्णन फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ मध्ये केले आणि १९६८ मध्ये सॅम्टर व बीअर्स यांच्या लेखामुळे ते जगभर परिचित झाले. ही आयजीईवर आधारित नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. याचा पुरावा असा की रचनेने अ‍ॅस्पिरिनशी काहीही साम्य नसलेल्या, परंतु सायक्लोऑक्सिजिनेज-१ रोखणाऱ्या इतर वेदनाशामकांनीही तीच प्रतिक्रिया येते. १९७५ मध्ये पोलंडच्या श्चेक्लिक आणि सहकाऱ्यांनी हा संबंध दाखवून दिला.

पेशीवाचक यांनी अ‍ॅराकिडोनिक आम्लाच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. सायक्लोऑक्सिजिनेजच्या वाटेवर प्रोस्टाग्लँडिन ई२ हेही द्रव्य तयार होते आणि ते ५-लिपॉक्सिजिनेजच्या वाटेला लगाम घालते, तसेच मास्ट पेशींना शांत ठेवते. आपल्यासारख्या रुग्णांत हा लगाम मुळातच तोकडा असतो, तर ल्युकोट्राइनचे उत्पादन आधीपासून वाढलेले असते. अ‍ॅस्पिरिनने उरलासुरला ई२ बंद केला की मास्ट पेशी उसळतात आणि ल्युकोट्राइनचा पूर येतो. लघवीतील ल्युकोट्राइन ई४ मोजले तर या रुग्णांत ते एरवीही जास्त आढळते आणि अ‍ॅस्पिरिननंतर आणखी वाढते. रक्तातील प्लेटलेट श्वेतपेशींना चिकटून सी४ बनवण्यास हातभार लावतात, हीदेखील या आजाराची एक खूण आहे.

ल्युकोट्राइनचा परिणाम रोखणारे झाफिरलुकास्ट आणि त्याचे उत्पादनच रोखणारे झिल्युटॉन ही औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये, तर माँटेलुकास्ट १९९८ मध्ये मान्य झाले. माँटेलुकास्ट घेणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून असावे की २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर मानसिक दुष्परिणामांविषयी सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापणे बंधनकारक केले. झोपेत बिघाड, चिडचिड, उदासी किंवा आत्महत्येचे विचार जाणवले तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

त्वचाभ्यासी

श्वासमार्गाची बाजू सविस्तर आली आहे, म्हणून त्वचेबद्दल थोडे लिहितो. टी पेशी केवळ प्रथिनांचे तुकडे ओळखतात असे आपण शिकलो, परंतु काही टी पेशी मेदही ओळखतात. त्वचेतील लँगरहान्स पेशींवर सीडी१ए नावाचा रेणू मुबलक असतो आणि तो मेदाचे रेणू टी पेशींसमोर धरतो. धुळीतल्या माइटमध्ये आणि मधमाशीच्या विषात फॉस्फोलिपेज असते. ते माइटच्या अंगचे मेद पुढे करत नाही, तर आपल्याच पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड कापून त्यापासून नवे मेदरेणू तयार करते. हे रेणू सीडी१ए वर चढतात आणि टी पेशी चेतवल्या जातात. म्हणजे परका असतो तो कापणारा, कापला जाणारा मेद आपलाच असतो. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर थक्क व्हायला झाले होते.

फिलॅग्रिन हे त्वचेच्या बाह्य थराचे प्रथिन या फॉस्फोलिपेजच्या क्रियेला अटकाव करते, असे २०१६ च्या अभ्यासात दिसले. इसबाच्या अनेक रुग्णांत फिलॅग्रिनचे जनुक सदोष असते. त्याने त्वचेचा बांध कमकुवत होतो हे ठाऊक होतेच. आता मेदरेणूंवरचा हा अंकुशही सुटतो असे दिसते. उंदरांना सीडी१ए नसतोच, त्यामुळे केवळ उंदरांवर विसंबलेल्या संशोधनाला ही वाट दिसणे शक्य नव्हते.

निशिगंध

आनुवंशिकतेचा उल्लेख आला म्हणून विचारते. दम्याच्या जनुकांमध्येही मेदाशी संबंधित काही आढळले आहे का?

पेशीवाचक

होय. २००७ मध्ये बालपणीच्या दम्याशी सर्वांत ठळक संबंध सापडला तो १७ व्या गुणसूत्रावरील एका भागाचा. तेथील ओआरएमडीएल३ या जनुकाचे काम तेव्हा अज्ञात होते. २०१० मध्ये कळले की हे प्रथिन स्फिंगोलिपिड, म्हणजे पेशीच्या आवरणातील एक मेदप्रकार, बनवण्याच्या पहिल्याच पायरीवर लगाम ठेवते. त्या भागात इतरही जनुके असल्याने सर्व श्रेय एकालाच देता येत नाही, परंतु संपूर्ण जनुकसंचाचा पूर्वग्रहाविना शोध घेताना मेदाच्या चयापचयाचे जनुक समोर यावे, ही मला या विषयातील अत्यंत बोलकी गोष्ट वाटते.

प्रयोगमेज

उपचारांच्या संदर्भात एक निराशाजनक पण उपयुक्त उदाहरण जोडतो. प्रोस्टाग्लँडिन डी२ ज्या डीपी२ ग्राहकावर (पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर) बसते तो टी-एच२ पेशी, आयएलसी-२ आणि इओसिनोफिल या तिन्हींवर असतो, त्यामुळे तो रोखला की तिन्ही पेशींना येणारे बोलावणे थांबेल असा तर्क होता. फेव्हिपिप्रँट हे औषध सुरुवातीच्या चाचण्यांत आशादायक ठरले, पण तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचण्यांत दम्याचे झटके अपेक्षेइतके कमी झाले नाहीत आणि त्याचा विकास थांबवण्यात आला. ल्युकोट्राइन आणि अस्तरातून येणारे इतर इशारे त्याच पेशींना त्याच वेळी बोलावत असतात. एक दार बंद केल्याने त्यांचे येणे थांबत नाही. पेशीच्या आतील मेदसाठवण रोखण्याची कल्पना मला यासाठी आकर्षक वाटते की इशारा कोणत्याही दाराने आला तरी पेशींची संख्या वाढण्यासाठी साठा लागतोच. मात्र डीजीएटी-१ आतड्यातही मेद शोषण्याच्या कामी येते, आणि ते रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत जुलाबाचा त्रास आढळला आहे. औषध थेट श्वासमार्गात देता आले तरच पुढची वाट आहे.

श्वासयात्री

मात्रा, आपल्या उत्तरामुळे इतक्या वर्षांचे कोडे सुटले, मनापासून आभार. अ‍ॅस्पिरिनचीच मात्रा हळूहळू वाढवत सवय लावण्याचा उपचार असतो असे ऐकले आहे. लगाम काढणाऱ्या औषधानेच लगाम कसा बसतो?

मात्रा

असा उपचार आहे, आणि तो केवळ तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच केला जातो. घरी प्रयत्न करणे जिवावर बेतू शकते. अतिशय लहान मात्रेपासून सुरुवात करून ती वाढवत नेतात आणि मग रोज ठरावीक मात्रा चालू ठेवतात. शस्त्रक्रियेने नाकातील वाढ काढल्यानंतर हा उपचार केल्यास ती पुन्हा वाढण्याचा वेग अनेकांत मंदावतो. परिणामामागची एक शक्यता अशी आहे की रोजच्या अ‍ॅस्पिरिनमुळे मास्ट पेशीतील प्रोस्टाग्लँडिन डी२ घटत जाते आणि त्यामुळे इओसिनोफिल व इतर पेशींना मिळणारे आमंत्रण कमी होते. लघवीतील ल्युकोट्राइन ई४ मात्र उपचार सुरू असतानाही बहुधा चढेच राहते, म्हणून केवळ लगामाच्या कल्पनेने हा उपचार पूर्ण समजत नाही. उपचार चालू असताना काही दिवस अ‍ॅस्पिरिन चुकले तर मिळवलेली सहनशीलता निघून जाते आणि पुन्हा देखरेखीखालीच सुरुवात करावी लागते, हे डॉक्टरांशी बोलताना आवर्जून विचारून घ्या.